घोडा मोजताना

घोड्याच्या उंचीच्या हिशेबात 14.2 आणि 0.2 यांची बेरीज 14.4 होत नाही, 15 होते. इंग्रजी पद्धतीत घोडा ‘हँड’ या मापाने मोजतात आणि एक हँड म्हणजे चार इंच. त्यामुळे 14.2 असे लिहिले की वाचायचे चौदा हँड आणि वर दोन इंच. मधला ठिपका दशांशचिन्हासारखा दिसतो, पण त्याचा दशांशाशी काही संबंध नाही. आणखी दोन इंच मिळाले की चार इंच पुरे होतात आणि पंधरावा हँड भरतो. 14.4 किंवा 14.7 अशी उंची या पद्धतीत असूच शकत नाही. पाचवी-सहावीतल्या मुलापुढे हे मांडले तर ते आधी गोंधळते. मग त्याला घड्याळातली साठ मिनिटे आठवतात, डझन आठवते, आणि दहाच्या पटीत मोजणे ही माणसाने केलेली एक निवड आहे हे त्याचे त्यालाच उमगते.

14.2 हँड म्हणजे 58 इंच, म्हणजेच 147.32 सेंटिमीटर. रूढ नियमाप्रमाणे तिथपर्यंतचे जनावर पोनी आणि त्यापुढचा घोडा. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने हीच रेघ सेंटिमीटरमध्ये आखली आहे: नाल नसेल तर 148, नाल ठोकलेली असेल तर 149. तो एक सेंटिमीटर नालेच्या जाडीसाठी सोडलेला. आता ही उंची मोजायची कुठे? घोडा मान वर करतो, खाली घालतो, कान टवकारतो. त्यामुळे डोक्यापर्यंतची उंची दर क्षणाला बदलते. म्हणून मान संपून पाठ सुरू होते तिथला हाडाचा उंचवटा धरायचा, सपाट फरशीवर जनावर उभे करायचे, आणि मोजपट्टीचा आडवा दांडा त्या उंचवट्यावर अलगद टेकवायचा. स्थिर बिंदू निवडणे, परिस्थिती सारखी ठेवणे, मग आकडा लिहिणे. भौतिकशास्त्राच्या प्रयोगवहीत जे नववीत शिकवतात ते इथे दहा वर्षांचे मूल पोनीच्या अंगाला हात लावत शिकते.

घोड्याच्या आधाराने प्राथमिक गणित आणि विज्ञान शिकवण्याचा मार्ग सर्वांत जास्त तुडवला गेला तो ब्रिटन-अमेरिकेत. ब्रिटनमध्ये 1929 साली पोनी क्लब सुरू झाला. तिथे मुलांना घोड्यावर बसायला शिकवतात, पण त्यासोबत त्याची निगा, खाद्य, खूर, आजार यांच्या पायरीपायरीने परीक्षाही घेतात. अमेरिकेत ‘फोर-एच’ या ग्रामीण युवक चळवळीने हेच काम शेतावरच्या मुलांपर्यंत नेले. या परंपरेतली सर्वांत मोलाची गोष्ट अशी की तिथे आकड्यामागे कारण असते. ‘एका घोड्याला रोज पाच किलो गवत लागते, तर तीस दिवसांत किती?’ हे उदाहरण कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडेल. पण पाच किलोच का, हा प्रश्न पोनीसमोर उभ्या असलेल्या मुलाला टाळता येत नाही. उत्तर चुकले तर जनावर उपाशी राहते, किंवा त्याच्या पोटात कळ उठते.

त्या पाच किलोंपर्यंत पोहोचायचे तर आधी पोनीचे वजन हवे, आणि जनावर चढवता येईल असा काटा सगळीकडे नसतो. म्हणून शिवणकामाची टेप घ्यायची. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मोजायचा. मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी मोजायची. घेराचा वर्ग करायचा, त्याला लांबीने गुणायचे, आणि 11,880 ने भागायचे. मापे सेंटिमीटरमध्ये असतील तर उत्तर किलोत येते. घेर 150 आणि लांबी 130 असलेली पोनी घेतली तर 22,500 गुणिले 130, भागिले 11,880, म्हणजे सुमारे 246 किलो. अशा जनावराला त्याच्या वजनाच्या साधारण दोन टक्के कोरडा चारा रोज लागतो. पाच किलो आले ते इथून.

हे सूत्र पशुवैद्यकाच्या वहीतून जसेच्या तसे उचलून मुलाला पाठ करायला देणे म्हणजे हातातली संधी घालवणे होय. घेराचा वर्ग का करायचा? लांबीचा का नाही? आणि हा 11,880 कुठून आला?

घोड्याचे धड हे ओबडधोबड का होईना, आडवी ठेवलेली वृत्तचिती आहे असे धरून पाहावे. वृत्तचितीचे घनफळ तळाचे क्षेत्रफळ गुणिले लांबी. तळ वर्तुळाकार असल्याने त्याचे क्षेत्रफळ परिघावरूनही काढता येते: परिघाचा वर्ग भागिले चार पाय (4π). जिवंत शरीराची घनता पाण्याच्या जवळपास असते, म्हणजे एक घन सेंटिमीटरला एक ग्रॅम. हजार घन सेंटिमीटरला एक किलो. तेव्हा वजन किलोत हवे असेल तर भाजक येतो चार पाय गुणिले हजार, म्हणजे 12,566. सूत्रातला 11,880 हा आकडा याच्या किती जवळ आहे ते पाहावे. भाजक थोडा लहान असल्याने वजन थोडे जास्त येते. ते यायलाच हवे, कारण वृत्तचितीला मान, डोके आणि चार पाय नसतात. घोडे मोजून मोजून काढलेला व्यवहारातला आकडा आणि भूमितीतून निघालेला आकडा एकमेकांपासून पाच-सहा टक्क्यांवर येऊन थांबतात, हे आठवीतल्या मुलाने स्वतःच्या हाताने करून पाहिले तर ‘पाय’ हे अक्षर त्याला पुन्हा परके वाटणार नाही.

चुकीचा हिशेबही इथेच शिकवता येतो. टेप सैल राहिली आणि घेर 150 ऐवजी 153 मोजला गेला, तर वजन 256 किलो येते, दहा किलो जास्त. लांबीत तेवढीच तीन सेंटिमीटरची चूक झाली तर वजन सहा किलोच्या आत वाढते. ज्या मापाचा वर्ग होतो त्यातली चूक जवळजवळ दुप्पट होऊन बाहेर पडते. जंताचे औषध वजनावर द्यायचे असल्याने हा फरक कागदापुरता राहत नाही. टेप कुठे जास्त काळजीने धरायची हे मग मुलाला सांगावे लागत नाही.

चाऱ्याबद्दल आणखी एक गोष्ट. पाच किलो एकदम पुढ्यात टाकून चालत नाही. घोड्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने लहान, साधारण आठ ते पंधरा लिटरचे. गाय-बैलासारखा तो रवंथ करत नाही. त्याच्या गवताचे किण्वन जठराच्या पुढे, अंधांत्रात आणि मोठ्या आतड्यात होते. शिवाय त्याला उलटी करता येत नाही. म्हणून थोडेथोडे आणि दिवसभर, हा पागेचा जुना नियम. भागाकाराचे उदाहरण आणि पचनसंस्थेचा धडा इथे एकाच तोबऱ्यात येतात.

घोड्यावरून नाव पडलेल्या मापांपैकी जगभर सर्वांत रुळले ते अश्वशक्ती. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या मुलाला ते वेगळे शिकवावे लागत नाही. विहिरीवरची मोटर तीनची, पाचची की साडेसातची, हे त्याला ठाऊक असते. हा आकडा कसा आला ते मात्र बहुतेकांना कोणी सांगितलेले नसते. जेम्स वॉटला आपली वाफेची इंजिने विकायची होती आणि गिऱ्हाईक होते ते गिरण्यांना घोडे जुंपणारे. एक इंजिन किती घोड्यांचे काम करील, हे त्यांना सांगणे भाग होते. वॉटच्या हिशेबात घोडा बारा फूट त्रिज्येच्या वर्तुळात फिरतो, तासाला 144 फेऱ्या घालतो आणि 180 पौंड जोराने ओढतो. एका फेरीचा परीघ काढला तर सुमारे 75.4 फूट. मिनिटाला फेऱ्या 2.4. म्हणजे मिनिटाला घोडा जवळजवळ 181 फूट चालतो. त्याला 180 ने गुणले की 32,572 फूट-पौंड येतात. वॉटने ते 33,000 धरले. आजच्या मापात ती अश्वशक्ती 746 वॅटच्या आसपास बसते; आणि हा ‘वॅट’ही त्याच माणसाच्या नावाचा. पाच अश्वशक्तीची मोटर चार तास चालली तर किती युनिट वीज जाईल, हा प्रश्न इथून एका गुणाकारावर आहे: नुकसान सोडून दिले तर सुमारे पंधरा.

वॉटच्या घोड्यावरून पुढे एक चांगला वाद घालता येतो. खरा घोडा एक अश्वशक्तीचा असतो का? दिवसभर राबवायचा तर वॉटचा आकडा उदारच म्हणायला हवा. पण थोड्या क्षणांपुरता जोर लावायचा असेल तर घोडा सुमारे पंधरा अश्वशक्तीपर्यंत जाऊ शकतो, असा हिशेब 1993 साली ‘नेचर’ या नियतकालिकात मांडला गेला. शक्ती हा आकडा काळाशी बांधलेला असतो. किती वेळ, हे विचारल्याशिवाय तो अपुरा. सरासरी आणि कमाल यांतला भेद मुलांना इतक्या ठसठशीतपणे दुसरीकडे क्वचित भेटतो.

काळाचीच गोष्ट निघाली तर 1878 चा जून महिना आठवायला हवा. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे लेलंड स्टॅनफर्ड यांच्या घोड्यांच्या मळ्यात एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने धावपट्टीच्या कडेने बारा कॅमेरे ओळीने मांडले. सॅली गार्डनर ही घोडी दौडत गेली आणि एकामागून एक बारा चित्रे उमटली. दौडताना घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का, हा तोवरचा वादाचा प्रश्न होता. ते सुटतात. पण चित्रकारांनी पिढ्यान् पिढ्या रंगवले तसे पुढे-मागे ताणलेले नव्हे. पाय पोटाखाली गोळा झालेले असतात तेव्हा. चित्रकार जेरिकोने 1821 मध्ये रंगवलेल्या एप्समच्या शर्यतीतले घोडे आजही हवेत पाय फाकून तरंगताना दिसतात. चित्र सुंदर आहे आणि त्यातली गती खोटी आहे. डोळ्यांना जे पकडता येत नाही ते पकडायला साधन लागते, ही विज्ञानातली पहिली पायरी या दोन चित्रांत शेजारी शेजारी ठेवून दाखवता येते.

मायब्रिजच्या छापील चित्रपत्रावर दोन आकडे होते: चित्रांमधले अंतर 27 इंच, आणि वेळ सेकंदाचा सुमारे पंचविसावा भाग. त्यावरून वेग काढावा. 27 इंच म्हणजे 68.58 सेंटिमीटर, त्याची पंचवीस पट केली की सेकंदाला 17.1 मीटर. त्याच पत्रावर घोडीची चाल एक मैलाला एक मिनिट चाळीस सेकंद अशीही दिलेली होती. त्या हिशेबाने वेग येतो सेकंदाला 16.1 मीटर. दोन उत्तरे जुळत नाहीत. बरोबर कोणते? फरक ‘सुमारे’ या शब्दात दडलेला आहे, आणि तो शोधून काढणाऱ्या मुलाने त्या दिवशी पुष्कळ गणित केले असे समजावे.

चालींचे गणित कानांनीही करता येते. घोडा साधा चालतो तेव्हा चार वेगवेगळे ठोके ऐकू येतात. दुडकी धरली की दोनच, कारण समोरासमोरच्या कोपऱ्यांतले पाय जोडीने पडतात. त्याहून वेग वाढला की तीन, आणि भरधाव सुटला की पुन्हा चार. वर्गात बाके बडवून हे करता येते आणि तालाचे कान असलेली मुले शिक्षकाच्या पुढे जातात. भरधाव दौडीत घोड्याचा श्वास त्याच्या झेपेला बांधलेला असतो, एका झेपेला एक श्वास. सेकंदाला दोनांहून जास्त झेपा, म्हणजे मिनिटाला 120 च्या वर श्वास. उभ्या, शांत घोड्याचे मिनिटाला आठ ते सोळा.

शर्यतीच्या मैदानातले आकडे वापरावेत की नाही, याबद्दल पालकांच्या मनात अढी असते. पैशांच्या पैजा शाळेच्या दाराबाहेरच राहाव्यात, हे खरे. पण घड्याळाने नोंदलेला आकडा सोडून देणे योग्य नव्हे. 1973 च्या केंटकी डर्बीत सेक्रेटेरियट हा घोडा सव्वा मैल 119.4 सेकंदांत धावला. त्याचे पाच पाव-मैल असे: 25.2, 24, 23.8, 23.4 आणि 23 सेकंद. साधारणपणे घोडा शेवटाकडे थकतो. हा प्रत्येक टप्प्यात आधीच्यापेक्षा वेगवान होत गेला. सरासरी वेग ताशी साडेसाठ किलोमीटरच्या किंचित वर, शेवटच्या टप्प्यात जवळजवळ त्रेसष्ट. दशांशांची बेरीज इथे कंटाळवाणी राहत नाही.

जीवशास्त्रात शिरायला घोड्याचे तोंड उघडावे. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथला जाणता गिऱ्हाईक आधी जनावराचा ओठ वर करून दात पाहतो. साधारण अडीच वर्षांचे असताना मधले दोन दुधाचे दात पडून पक्के येतात, साडेतीनला त्यांच्या बाजूचे, साडेचारला कडेचे. एका जबड्यात दोन, चार, सहा. पाचव्या वर्षी तोंड पुरे होते. त्यापुढे दातांची झीज आणि कडेच्या वरच्या दातावर उतरत जाणारी खाच यांवरून वय सांगतात. ही खाच दहाव्या वर्षाच्या सुमारास दिसू लागते आणि विसाव्याच्या सुमारास दाताच्या तळापर्यंत पोहोचते. पहिला भाग बऱ्यापैकी भरवशाचा, दुसरा निव्वळ अंदाजाचा. खरेदी-विक्रीत हा फरक ज्याला कळतो त्याची फसवणूक कमी होते.

खेचराचे गणित तर एका ओळीचे आहे. घोड्याची गुणसूत्रे 64, गाढवाची 62. घोडी आई असेल तर तिच्याकडून 32, गाढव बापाकडून 31, बेरीज 63. विषम संख्येच्या जोड्या लागत नाहीत. प्रजननपेशी तयार होताना गुणसूत्रांना जोड्या लावाव्या लागतात आणि तिथेच गाडी अडते. म्हणून डोंगरवाटांवर ओझी वाहणाऱ्या या काटक जनावराची पुढची पिढी जवळजवळ कधीच होत नाही. सम-विषम शिकवताना दुसरीच्या पुस्तकात हे येऊ शकत नाही, पण सातवी-आठवीत ते पुन्हा उघडून दाखवावे असे आहे.

घोड्यांच्या या शाळेत एक घोडा स्वतःच गणिताचा विद्यार्थी होता, आणि त्याची हकिकत सगळ्यांत मोलाची आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन हे निवृत्त गणितशिक्षक आपल्या हान्स नावाच्या घोड्याला घेऊन लोकांसमोर उभे राहत. बेरीज विचारा, अपूर्णांक विचारा, तारीख विचारा. हान्स खूर आपटून उत्तर देई आणि ते बहुधा बरोबर असे. फॉन ओस्टेन त्याचे पैसे घेत नव्हते. 1904 मध्ये जाणकारांच्या समितीने तपासणी केली, लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट या तरुण मानसशास्त्रज्ञाने काम हाती घेतले. त्याने प्रश्न विचारणारे बदलले. कधी विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल अशी व्यवस्था केली. कधी घोड्याला माणूस दिसणार नाही असे पाहिले. विचारणाऱ्याला उत्तर माहीत नसले की हान्सलाही ते येत नसे. माणूस दिसला नाही, तरी तेच.

हान्स माणसाचे शरीर वाचत होता. खूर आपटणे सुरू झाले की विचारणारा नकळत ताणला जाई, किंचित पुढे वाके. योग्य आकडा आला की डोके केसभर वर उचलले जाई. घोडा तिथे थांबे. फुंग्स्टला हे कळल्यावरही स्वतःच्या त्या हालचाली पुरत्या दाबता येईनात. त्याने 1907 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. फॉन ओस्टेन यांना ते कधीच पटले नाहीत. प्रयोग करणाऱ्याने उत्तराची चाहूल देऊ नये म्हणून त्यालाही अंधारात ठेवायचे, ही आज औषधांच्या चाचण्यांत पाळली जाणारी काळजी याच जातीची आहे. वर्गात शिक्षकाचा चेहरा पाहून उत्तर बदलणारी मुले आणि ते न कळणारे शिक्षक यांनाही ही हकिकत पुष्कळ काही सांगते. आणि हान्सला मूर्ख ठरवायचे कारण नाही: कोणाही माणसाला न दिसलेले त्याला दिसले होते.

मराठी वाचकाला घोड्याच्या गणितासाठी पालो आल्टो किंवा बर्लिनलाच जावे लागते असे नाही. 1114 साली जन्मलेल्या भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त चार धनिकांचे कोडे आहे. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या शिलालेखात त्यांच्या घराण्याची आणि त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातवाने काढलेल्या मठाची नोंद आहे. कोड्यातल्या चौघांकडे घोडे अनुक्रमे 5, 3, 6, 8. उंट 2, 7, 4, 1. खेचरे 8, 2, 1, 3. बैल 7, 1, 2, 1. चौघांची संपत्ती सारखी. एकेका जनावराची किंमत किती? लहानात लहान पूर्णांकांत उत्तर येते ते असे: घोडा 85, उंट 76, खेचर 31, बैल 4. पहिल्याचा हिशेब करून पाहावा: 425, 152, 248 आणि 28 मिळून 853. उरलेल्या तिघांचाही 853 च येतो. सोडवण्याची रीत मोठ्या वर्गाची आहे, पण पडताळा पाचवीतले मूल घेऊ शकते. आणि सगळ्या किमती दुप्पट केल्या तरी अट पाळली जाते हे लक्षात आले की ‘एकच बरोबर उत्तर’ या कल्पनेलाही धक्का बसतो.

घोडा जवळ नसलेल्या शाळेने काय करावे, हा रास्त प्रश्न आहे. यात्रांमधले घोडे आहेत, लग्नाच्या वरातीत मिरवणारे आहेत, आणि मोटारींना बंदी असलेल्या माथेरानच्या लाल वाटांवर माणसे वाहणारी तट्टे आहेत. आधी घोडेवाल्याची परवानगी घ्यावी. जनावराबद्दल त्याला जे कळते ते पुस्तकात मावत नाही. घोड्याला जवळजवळ साडेतीनशे अंशांचे दिसते, पण नेमके शेपटीमागचे दिसत नाही, म्हणून मागून जाऊ नये. बोलत, खांद्याच्या बाजूने जावे. जबड्याच्या हाडाखाली बोटे टेकवून नाडी शोधावी, पंधरा सेकंद मोजून चाराने गुणावे. विसावलेल्या घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44 च्या दरम्यान असते. तोच घोडा चढ चढून आल्यावर दर दोन मिनिटांनी मोजत राहावे आणि आकडे आलेखावर मांडावेत. रेघ आधी झपाट्याने उतरते, मग सावकाश. ती अशी का वाकते, हे आधी घोडेवाल्याला विचारावे आणि मग पुस्तक उघडावे.